सुट्टीच्या पेटीतल्या बायकांच्या कादंबऱ्या

मुख्याध्यापकांच्या पत्नीच्या मालकीच्या कादंबरीतलं एक अख्खं प्रकरण मी दाभणानं शिवून टाकलं. भर दिवसा, पूर्ण शुद्धीत, आणि आपण फार शहाणपणाचं काम करतो आहोत अशा समजुतीत.

दाभण शाळेचं होतं. वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आम्ही त्यानंच शिवायचो, आणि या कलेत माझा हात धरील असा मास्तर दादऱ्यापासून खानवेलपर्यंत नव्हता. गणितात होते, इंग्रजीत तर पुष्कळ होते, गठ्ठे शिवण्यात एकही नाही. माणसाला जे उत्तम येतं ते तो एकदा तरी नको तिथं करून ठेवतो.

साठीचं दशक निम्मं सरलं होतं. पोर्तुगीज जाऊन फार काळ लोटला नव्हता आणि सिल्वासा हे गाव म्हणावं एवढंच होतं. एक चर्च, एक इस्पितळ, जुन्या बंगल्यांत थाटलेल्या कचेऱ्या आणि त्यामागं लगेच सागाचं रान. नवा कारभार हाकायला मुंबईहून आणि कोकणातून कारकून, ओव्हरसियर, मास्तर असे उचलून आणून बसवले होते, त्यांतला मी एक. बाजार गुजराती, आसपासच्या पाड्यांवर वारली, कचेरीत तीन भाषांची खिचडी. मराठी बिऱ्हाडं मोजकी. मराठी पुस्तक हवं असेल तर वापीला जाऊन मुंबईची गाडी धरायची, दुसरा इलाज नव्हता.

म्हणून आमच्यात एक रिवाज पडला होता. दिवाळीला किंवा मे महिन्यात जो कुणी गावी जाईल त्यानं येताना दोन कादंबऱ्या आणायच्या. विकत आणा, मागून आणा, ट्रेझरीतले एक गृहस्थ आणत तशा गिरगावातल्या वाचनालयाला परत करायला विसरून आणा. त्या सगळ्या एका पत्र्याच्या ट्रंकेत पडत. वर्षभर पाळीपाळीनं वाचून झाल्या की मे महिन्यात सगळी बिऱ्हाडं निघून जात, आणि जे मागं राहील त्याच्या ताब्यात पेटी जाई. "पेटी यंदा कुणाकडे?" असं कुणी विचारलं की त्याचा अर्थ, यंदा कुणाचं बिनसलंय?

त्या वर्षी पेटी आमच्याकडे होती.

बायकोला सातवा लागत होता. चैत्रात मधेच काही त्रास झाला आणि इस्पितळातल्या सिस्टरनं तिला पलंगावर आडवं केलं. ही सिस्टर दमणची ख्रिस्ती बाई, पोर्तुगीजांच्या वेळेपासून नोकरीत. कलेक्टर असो की गवळी, ती सगळ्यांना एकजात 'तू' म्हणायची. मला म्हणाली, "मुंबैला न्यायचं नाव काढू नको. वापीच्या रस्त्यावरच मोकळी होईल ती, आणि तू बसचा दांडा धरून बघत राशील."

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा नियम. पण बायकोचं माहेर म्हणजे गिरगावातल्या दोन खोल्या, त्यात वडील आणि थोरला भाऊ. आई ती लहान असतानाच गेलेली, पाठच्या भावंडाच्या बाळंतपणात. भावंडही राहिलं नाही. माझी आई कोकणात वहिनीच्या बाळंतपणात अडकलेली. ती आषाढाआधी येणार नव्हती. तेव्हा सिल्वासाचं इस्पितळ, ती सिस्टर आणि शेजारच्या मोटीबेन, एवढंच आमचं माहेर. मोटीबेनच्या यजमानांचं किराणा दुकान होतं. बाई पाच लेकरांची आई. आमच्या अंगणात ऊन जास्त पडतं या सबबीवर छुंद्याच्या बरण्या इथं आणून ठेवायच्या आणि बरण्यांवर लक्ष ठेवता ठेवता बायकोवर ठेवायच्या.

सगळी मराठी मंडळी वापीच्या बसनं निघून गेली त्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, पेटी कुठंय?"

"शाळेत. नकाशांच्या खोलीत. आणू उचलून?"

"उचलाल, कंबर धराल आणि मग दोघं झोपू शेजारी शेजारी. त्यातल्या बायकांनी लिहिलेल्या तेवढ्या निवडून आणा."

"बायकांनी म्हणजे?"

"बायकांनी म्हणजे बायकांनी. पुरुषांच्या नकोत मला या सुट्टीत."

आता गप्प बसायचं. पण मी मास्तर. म्हटलं, "बायकांच्या कादंबरीत असतं काय? अर्धी होईपर्यंत पापड, अर्धी झाल्यावर रडारड."

"किती वाचल्यात तुम्ही?"

"त्यासाठी वाचायला कशाला हवं?"

"पोरं न वाचता असं उत्तर लिहितात तेव्हा किती मार्क देता?" ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

नकाशांच्या खोलीत मी बसणार होतो निकालपत्रकं भरायला. त्याऐवजी पेटी उघडून बसलो. निवडायचं काम दिसत होतं तेवढं सोपं नव्हतं. मुख्याध्यापकांच्या पत्नीला पुस्तकांना कव्हरं घालायचा छंद, आणि शाळेत पोर्तुगीजांच्या वेळचे जुने नकाशे रद्दीत पडलेले. त्यामुळे बाहेरून बघावं तर एक प्रेमकथा मोझांबिकमध्ये गुंडाळलेली आणि एक कौटुंबिक शोकांतिका अटलांटिक महासागरात. प्रत्येक उघडून नाव वाचावं लागे. 'सौ.' असेल, 'कुमारी' असेल तर प्रश्न नाही. पण एकीवर नुसती आद्याक्षरं. बाई की बुवा? कळेना, म्हणून मी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. तेवढ्यात पाहुणा आला आणि मला उत्तर मिळालं.

त्याचं असं आहे. पुरुषाच्या कादंबरीत पाहुणा आला की चहा येतो. कुठून येतो, कुणी केला, काही नाही; चहा आला, दोघांनी घेतला आणि देशाच्या भवितव्यावर बोलले. या पुस्तकात पाहुणा आला आणि एक बाई उठली. दूध संध्याकाळपुरतंच होतं. तिनं मुलाच्या वाटणीचं काढलं, पाणी जरा जास्त घातलं, आणि कप नेऊन ठेवताना कान तुटलेला कप नवऱ्याकडे जाईल असा धरला. मी पुस्तक खाली ठेवलं आणि म्हटलं, ही बाई आहे. मग मला आठवेना की आमच्याकडे कान तुटलेला कप कोणाकडे येतो. घरी जाऊन पाहिलं. माझ्याकडेच येत होता. लग्न झाल्यापासून मी त्याच कपातून चहा पीत होतो आणि माझी समजूत, आमच्याकडचे सगळेच कप तसे आहेत.

त्या दिवसापासून मला त्या पेटीची चटक लागली. निवडायच्या निमित्तानं मी वाचायलाच लागलो. एका पुस्तकात दोन जावा वर्षभर एकमेकींशी फक्त जिरं आणि मीठ या विषयांवर बोलत होत्या आणि त्यातून अख्खं घर फुटलं. घर फुटलंय हे त्यातल्या पुरुषांना शेवटच्या प्रकरणात कळलं, मला उपांत्य प्रकरणात. म्हणजे पुरुष असूनही मी बरा. दुसरीत एक विधवा बाई स्टेशनवर तिकीट काढायला पहिल्यांदा एकटी उभी राहते, तेवढ्यावर लेखिकेनं पुष्कळ पानं घेतलेली आणि मी श्वास धरून वाचत होतो की खिडकी बंद होते की काय. इतक्या वर्षांत मी तिकिटं काढली, त्यात एवढं काही असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण मुख्य काम राहिलं होतं निवडीचं. आणि निवडीला मी मनाशी एक अट घातली होती. बायकोच्या आईचं मला माहीत होतं. हिची अवस्था ही. तेव्हा जी कादंबरी घरी न्यायची तीत बाळंतपण नको आणि मरण तर नकोच. अट घालून बसलो आणि माझ्या लक्षात आलं की सगळी पंचाईत इथंच आहे. पुरुषांच्या कादंबऱ्यांत मुलं दोन प्रकरणांच्या फटीत होतात. एका प्रकरणाच्या शेवटी ती लाजून खाली बघते, पुढचं उघडावं तर चिरंजीव कॉलेजात. बायका तशी फटच ठेवत नाहीत. त्यांच्यात डोहाळे, सुईण, बाजेखालची शेगडी, शेपा, वावडिंग, सगळं येतं. बाद केलेल्या पुस्तकांचा ढीग नकाशांच्या काठ्यांएवढा झाला. अटीत बसल्या तीन. एक मुलींच्या वसतिगृहाची, एक खाणावळ चालवणाऱ्या दोन बहिणींची, आणि एक आजन्म अविवाहित राहिलेल्या चित्रकार बाईची. त्या घेऊन मी घरी गेलो, आणि माझ्या मते फार विचारपूर्वक.

तीनही तिनं भराभर संपवल्या. "छान आहेत," म्हणाली. "पण यात एकीलाही मूल कसं नाही?"

"योगायोग."

"पेटीभर पुस्तकांत?"

"हल्लीच्या लेखिका," मी म्हटलं, "पुढारलेल्या आहेत."

"मग मागासलेल्या आणा. मुलंबाळं असलेली. जाड असली तरी चालेल."

मी काय समजलो? गरोदर बाई आहे, तिला बाळांविषयी गोडगोड वाचावंसं वाटणारच. मी परत पेटीत डोकं घातलं आणि एक जाडजूड काढली. वऱ्हाडातलं कापसाच्या व्यापाराचं घर, आणि त्या घरात सून होऊन आलेली मुलगी. शिक्षिकेचं ट्रेनिंग अर्धवट टाकून तिला लग्न करावं लागलेलं. ती पोरगी मला फार आवडली. सासऱ्याच्या हिशोबातली चूक तिला दिसते आणि ती बोलत नाही. आज, उद्या, परवा, बोलतच नाही. आणि मी पृथ्वीगोलाच्या खोक्यावर बसून "अगं बोल की!" म्हणून पुटपुटतोय.

मग तिचं बाळंतपण आलं. सासूनं जुन्या लुगड्यांच्या घड्या आणून ठेवल्या. सुईण आली. कंदील. पाणी. मी दुसऱ्याला इंजेक्शन देतात तेव्हाही डोळे मिटणारा माणूस. दोनच पानं वाचली आणि कानांत गुणगुण सुरू झाली. व्हरांड्यात गेलो, माठातलं पाणी प्यालो, थोडं डोक्यावर घेतलं. परत येऊन ते प्रकरण ओलांडलं आणि पुढच्याची पहिली ओळ पाहिली. सासूच्या मांडीवर मूल, ती त्याला वाटी-चमच्यानं दूध पाजतेय. मूल रडलं की दोघं दाराकडे बघतात, पण आई घरात नाही.

मी पुस्तक मिटलं. खरं सांगतो, मला वाईट वाटलं, आणि लेखिकेचा राग आला. बऱ्या चाललेल्या मुलीला मारायची काही गरज होती?

दुसरं काही न्यावं तर मुलंबाळं असलेली प्रत्येक तशीच. आणि ही बाकीची कादंबरी इतकी चांगली. तेव्हा ते प्रकरण तेवढं काढायचं. फाडणं म्हणजे पाप, शिवाय पुस्तक मुख्याध्यापकांच्या घरचं. खळ लावली तर कागद कुजतो. समोर दाभण होतं, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ होतं. मी ते प्रकरण कडेनं शिवून घेतलं आणि शेवटी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला मारतो तीच पक्की गाठ मारली. काम असं देखणं झालं की हातात धरून जरा लांबून पाहिलं.

घरी पुस्तक देताना म्हटलं, "मधे बायंडिंग सुटलं होतं, ते पक्कं केलंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "बरं."

या 'बरं'चे आमच्या घरात बरेच प्रकार होते. हा कुठला, ते मला ओळखता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत सातवीचा निकाल लिहीत होतो. एका पोराच्या नावापुढं गैरहजर असं लिहिलं आणि टाक हातात तसाच राहिला. आई घरात नाही! ते पुढच्या प्रकरणात लिहिलेलंच आहे. बाळंतपण शिवलं, पण त्यातून निघणारी बातमी उघडीच ठेवली. बायको हुशार; तिला दोरा दिसणार, पुढं आई नाही हे दिसणार, आणि मधल्या शिवलेल्या पानांत काय असेल ते ती स्वतःच्या मनानं भरून काढणार. पुस्तकात असेल त्याच्या दसपट भयंकर. मी निकाल तिथंच टाकला आणि सायकल हाणली. सामरवरणीच्या बाजूनं उन्हाची झळ येत होती, रस्त्यावर कुत्रं नव्हतं, आणि मी टोपी विसरलो होतो.

अंगणात पोचलो तर आतून बायको मोठ्यानं वाचत होती. मधेच थांबून तेच मोडक्या गुजरातीत सांगत होती. बरण्यांच्या आडून मी डोकावलो. मोटीबेन जमिनीवर पाय पसरून बसलेल्या, शेजारी त्यांचा अडकित्ता आणि माझ्या पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे. आणि माझ्या खुर्चीत, तपासायला आलेली सिस्टर, मांडीवर छत्री आडवी घेऊन.

"'सुईण म्हणाली, आता जोर करू नकोस पोरी, श्वास सोड,'" बायकोनं वाचलं. "सिस्टर, असं असतं? जोर नाही करायचा?"

"आधी नाय करायचा. मी सांगेन तेव्हा करायचा. ही बाय बरोबर लिहिते. हिला पोरं असणार."

"अमारे त्यां तो बद्धां कहे, जोर कर, जोर कर!" मोटीबेन म्हणाल्या. "मारुं तो गळुं बेसी गयुं!" जोर करता करता त्यांचा गळाच बसला होता म्हणे.

"म्हणून पैल्या वेळी एवढा त्रास झाला तुला."

"तमे हता त्यां?"

"नव्हते. तुझं तोंड बघून सांगते."

मोटीबेन काही ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. त्यांच्या सासूबाईंनी काय काय केलं ते त्यांनी हातवारे करून दाखवलं, सिस्टरनं त्यातलं निम्मं खोडून काढलं, आणि मग एका मुद्द्यावर मोटीबेननी सिस्टरलाच गप्प केलं, कारण सिस्टर अविवाहित होती आणि पाच लेकरं मोटीबेनना होती.

"आणि हे गरम पाणी?" बायको म्हणाली. "सगळ्या पुस्तकांत गरम पाणी असतं. त्याचं करतात काय?"

"हात धुतात. आणि बाकीचं नवऱ्याला तापवत बसवायचं, म्हणजे तो मधे मधे करत नाय."

तिघी हसल्या. मग बायकोनं पुस्तक पोटावर पालथं ठेवलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "सिस्टर, रक्त किती जातं? म्हणजे किती गेलं की घाबरायचं?"

मोटीबेनचे हात थांबले. सिस्टरनं छत्री बाजूला ठेवली.

"जाणार. जायलाच पायजे. पण मग थांबायला पायजे. नाय थांबलं तर सुई हाय, औषध हाय, डॉक्टर बाजूच्या खोलीत हाय. घरी काय नसतं, म्हणून मी सगळ्या बायांना सांगते, दुखायला लागलं की उठून या, शुभ वेळ बघत बसू नका. तुझ्या आईला काय झालं होतं?"

"माहीत नाही. मी पाचेक वर्षांची असेन. मला शेजारी नेऊन बसवलं होतं, हातात लाडू देऊन. परत आणलं तेव्हा खोली धुतलेली होती. विचारलं की सगळे म्हणायचे, देवाघरी गेली. वडील अजून तो विषय निघाला की चष्मा पुसायला घेतात."

"घरीच होती?"

"घरीच."

"मग तेच असेल," सिस्टर म्हणाली. "थांबलं नसेल. वेळेत कुणी नेलं नसेल. मी नव्हते तिथं, पण बहुतेक तेच."

बायको रडली नाही. तिनं नुसती मान हलवली, गणित सुटल्यावर पोरं हलवतात तशी, आणि पुस्तक उचलून पुढं वाचायला लागली. मूल झालं, रडलं. सुईणीनं त्याला उलटं धरलं. सासू देवाला साखर ठेवायला गेली. पान उलटल्याचा आवाज आला आणि प्रकरण संपत आलं हे मला कळलं. त्या वऱ्हाडातल्या पोरीचं काय झालं ते आता कळणार. माझा एक पाय चपलेत, एक बाहेर, घाम डोळ्यांत, आणि माझ्यानं राहवेना.

"मग ती मेली ना?" मी बरण्यांमागून विचारलं.

"हाय हाय! कोण मरी गयुं?" मोटीबेन किंचाळल्या.

"अहो! तुम्ही केव्हा आलात?"

"ती. सून. मेली ना शेवटी?"

"मरेल कशाला? ट्रेनिंग अर्धं राहिलं होतं ना तिचं? मूल सहा महिन्यांचं झाल्यावर ती ते पुरं करायला अमरावतीला जाते. सासूच पाठवते तिला. पुढचं प्रकरण वाचलं नाहीत?"

"पहिली ओळ वाचली."

"आणि तेवढ्यावर बाई मारून टाकलीत."

सिस्टर माझ्याकडे बघत होती, आजार कुठला ते ठरवल्यासारखी. मी आत येऊन बायकोला म्हटलं, "तुझ्यासाठीच केलं गं. तू घाबरशील म्हणून."

"मी घाबरलेलीच आहे. दिवस राहिले तेव्हापासून. दुसरं कुणाला विचारू? वडिलांना? तुम्हाला?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "बायकांच्या आणा म्हटलं ते त्यासाठीच. म्हटलं, एखादीनं तरी लिहिलं असेल काय होतं ते. आणि लिहिलंय तर ते तुम्ही शिवून आणलंत." मग अडकित्त्याजवळचा दोऱ्याचा तुकडा उचलून तिनं पाहिला. "आमच्या घरच्यांनी पण हेच केलं. तुमचा निदान दोरा दिसतो."

मी चपला घातल्या, तसाच शाळेत गेलो आणि बाद केलेला अख्खा ढीग सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणला.

तो मे महिना मग वेगळाच गेला. दुपारी बरण्या उन्हात लागल्या की पलंगाजवळ वाचन सुरू व्हायचं. मला बसायची परवानगी मिळाली, मधे बोलायचं नाही या अटीवर. मी ती फारशी पाळली नाही. एका नावाजलेल्या बाईंची कादंबरी सिस्टरनं चार ओळींत निकालात काढली. म्हणाली, "हिनं खिडकीतून पण बघितलं नाय." मोटीबेनना बाळंतपणापेक्षा त्या मीठ-जिरंवाल्या जावांमध्ये रस; शेवट ऐकून त्या म्हणाल्या की धाकटीचंच चुकलं, आणि यावर बायकोचं नि त्यांचं एवढं जुंपलं की संध्याकाळी छुंदा आला नाही. दुसऱ्या दिवशी आला. मला प्रश्न पडत राहायचे. घरात सात माणसं असताना बाईनं एकटीनं रडायचं तर कुठं? न्हाणीघरात, असं तीन लेखिकांनी लिहिलं होतं. मी बायकोला विचारलं, "तू कुठं रडतेस?" ती म्हणाली, "आपल्याकडे दोनच माणसं. तुम्ही शाळेत गेलात की कुठंही."

जूनमध्ये मंडळी परतली. पेटी परत गेली आणि मुख्याध्यापकांच्या पत्नींना त्यांच्या जाड कादंबरीच्या कडेला ओळीनं भोकं दिसली. त्यांनी कसर लागली असं ठरवून साऱ्या पेटीत कडुनिंबाचा पाला भरला. मी त्यांना म्हटलं, कसर फार वाईट. मुख्याध्यापक म्हणाले, एवढ्या सरळ रेषेत खाणारी कसर त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि निरीक्षणाच्या तासाला ते पुस्तक वर्गात दाखवायची त्यांची फार इच्छा होती. त्यांना परावृत्त करताना माझ्या तोंडाला फेस आला.

बायकोचं दुखायला लागलं ते आषाढात, जेवणं झाल्यावर. माझी आई नुकतीच आली होती. ती म्हणाली, "थांबा जरा, इतक्यात कशाला?" बायको म्हणाली, "नाही आई, दुखायला लागलं की उठून जायचं," आणि उठली. स्वतः छत्री घेतली. मोटीबेन हाकेसरशी निघाल्या. मी मागून पिशवी घेऊन.

इस्पितळाच्या व्हरांड्यात मी बाकावर बसलो. आतून सिस्टरचा आवाज येत होता, आणि मधे मधे बायकोचा. किंचाळण्याचा नव्हे. ती विचारत होती. "आता करू?" "नको अजून." "आता?" "श्वास सोड. सोड म्हणते ना." मग पुष्कळ वेळ मला ओळखू न येणारा आवाज येत राहिला, तो तिचाच होता. मी बाकाची कड धरून बसलो. आतल्या प्रत्येक आवाजाचं काय चाललं असेल हे मला आता माहीत होतं, आणि माहीत असल्यानं भीती कमी होते हे खोटं आहे. पण ती जागच्या जागी राहते, सगळ्या अंगभर पळत सुटत नाही. नंतर मूल रडलं. मी उठलो नाही. मूल रडल्यानंतरचंच मला ऐकायचं होतं. दाराआड पावलं झाली, काचेचं काही वाजलं, कुणी काही बोललं नाही. आणि मग मोटीबेन बाहेर आल्या, पदरानं तोंड पुसत. "दीकरी छे," म्हणाल्या. "बन्ने सारां छे. बद्धुं बंद थई गयुं." दोघी बऱ्या आहेत, सगळं थांबलंय. एवढं ऐकलं आणि मग मी बाकाची कड सोडली.

थोड्या वेळानं आत सोडलं. बायको पांढरीफटक, केस कपाळाला चिकटलेले, पण डोळे असे टक्क उघडे की जणू कुठूनशी लांबून जाऊन आली आहे आणि सगळं बघून आली आहे. कुशीत मुलगी. मुलीकडे बघायचं सोडून मी पलंगाच्या कडेला वाकलो आणि विचारलं, "कसं गं झालं? पुस्तकात होतं तसंच?"

"निम्मं," ती म्हणाली.

"कुठलं निम्मं?"

ती हसली, पण दमून डोळे मिटले. मी म्हटलं, "नाही म्हणजे, ते श्वास सोडायचं, ते खरं होतं? आणि शेवटी ते... तेव्हा नेमकं कसं वाटतं? आणि बाकीचं निम्मं कुणीच कसं लिहीत नाही?"

सिस्टर कोपऱ्यात हात धूत होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"मास्तर, एवढंच जाणायचं असेल तर पुढच्या जन्मी बाय होऊन ये," ती म्हणाली. "आता बाहेर हो."